अक्रोड की पॉपलर

९ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा खांदा आता बरा असेल, नवी खोली जुनीपेक्षा कोरडी असेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक आहे.

एक प्रश्न विचारायचा आहे. त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. लाँग पिंपलच्या, म्हणजे लांब काट्यांच्या रबरानं मारायचं असेल, म्हणजे मागे उभं राहून नुसतं परतवायचं नाही, टेबलाला चिकटून मारायचंच असेल, तर बॅटच्या ब्लेडचं, रबराखालच्या फळीचं लाकूड कडक हवं की मऊ?

हसू येईल तुला. जिला तू आप्पांच्या सुतारकामाच्या कारखान्यात टेबल टेनिसला अकरा-दोननं हरवायचीस, आणि ते दोन गुणही दयेपोटी द्यायचीस, ती आता ब्लेडची चौकशी करते आहे. पण प्रश्न माझा नाही, आप्पांचा आहे. त्यांनी तुझ्यासाठी ब्लेड करायला घेतलं आहे.

मी माझ्या परीनं शोधून पाहिलं. शाळेच्या प्रयोगशाळेतून तराजू आणि मोजपट्टी आणली. (आठवी-नववीला विज्ञान शिकवते हे तुला मागेच कळवलं होतं.) आप्पांनी दोन पट्ट्या रंधून दिल्या, एक अक्रोडाची, एक पॉपलरची. दोन्हींवर एकाच उंचीवरून तीस-तीस वेळा चेंडू टाकला आणि किती उसळतो ते वहीत लिहिलं. आत्या दारात उभी राहून बघत होती. ती गेले दोन महिने आपल्याकडेच राहायला आली आहे.

"इतकी वर्षं कॉलेजात जाऊन हेच शिकलीस का गं?" ती म्हणाली. "चेंडू वर गेला की खाली येतो, हे मला चौथी नापास असून ठाऊक आहे."

तरी माझा तक्ता चांगला झाला. तुझ्या रबराला स्पंज नसतो, त्यामुळे चेंडू जवळजवळ लाकडालाच लागतो आणि सगळं लाकूडच ठरवतं. अक्रोडावरून चेंडू चटकन सुटतो. फटका सपाट आणि जलद जातो, पण समोरून जोरात आलेला चेंडू नुसता अडवायला गेलं तरी टेबलाबाहेर जायची भीती. पॉपलरवर तो क्षणभर बसतो. कापायला, म्हणजे चेंडूच्या खालून बॅट फिरवून मागून सावकाश परतवायला उत्तम, पण मारलेला फटका कोणाला लागत नाही.

वही आप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तक्ता डोळ्यांजवळ धरला, शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हे झालं लाकडाचं. हाताचं काय?"

तिथे माझं शिक्षण संपलं. तुझा हात आता कसा चालतो हे या घरात कोणालाच माहीत नाही. तू अजून मारतेस का, ताई?

विचारायचं कारण असं, की गेल्या महिन्यात जाळीवाले काका आले होते. तेच, सायकलला जाळ्या आणि चेंडूंचे डबे बांधून क्लबांतून फिरायचे ते. आता छोटी गाडी घेतली आहे, पण हॉर्न अजून सायकलचाच वाटतो. आप्पांशी बोलता बोलता म्हणाले, "तुमची थोरली दिसली हो तिकडच्या हॉलमध्ये. मुलींना शिकवते. मध्ये खांदा दुखावला होता, ओल येते म्हणून खोलीही बदलली म्हणाली. स्वतःही खेळते. काय कापते चेंडू! एक चुकत नाही. मागे जाऊन उभी राहते आणि समोरच्याला दमवते." मग म्हणाले, "मारत मात्र नाही आता. पूर्वी कसली मारायची!"

आप्पांनी त्यांना चहा दिला, गाडीपर्यंत सोडलं, आणि परत येऊन फळीवरून पॉपलर काढलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पॉपलर परत फळीवर आणि कामाच्या ओट्यावर अक्रोड. तिसऱ्या दिवशी दोन्ही ओट्यावर. आता मधला गाभा तयार आहे, त्यावरचे आडवे थर चिकटवून झाले आहेत, मूठसुद्धा तुझ्या जुन्या बॅटच्या मापानं कोरून ठेवली आहे. बाहेरचे थर दोन्ही लाकडांचे कापलेले आहेत आणि कागदात गुंडाळून शेजारी शेजारी ठेवलेत. चिकटवत मात्र नाहीत.

"तिनं वाजवून बघितल्याशिवाय नाही," म्हणतात.

आत्या म्हणाली, "अरे, पोरीनं चार वर्षं उंबरा ओलांडला नाही, आणि ती तुझ्या फळ्या वाजवायला येणार?"

"माझ्यासाठी नाही येणार. लाकडासाठी येईल," आप्पा म्हणाले. आत्या एरवी शेवटचा शब्द कोणाला देत नाही. त्या दिवशी ती उठून आत गेली.

तेव्हा कडक की मऊ, एवढं तरी कळव. एक ओळ पुरे.

११ ऑक्टोबर, दुपार

पत्र अजून माझ्याकडेच आहे. परवा पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, पेटीपर्यंत गेले आणि परत आले. आज शाळेतून आल्यावर पाकिटाला वाफ दाखवून उघडलं. आत्यानं विचारलं, "कोणाचं पत्र चोरून वाचतेस?" म्हटलं, "माझंच." ती म्हणाली, "मग बरोबर. स्वतःचं लिहिलेलंच माणसाला कळत नाही."

वर लिहिलं आहे की इकडे सगळं ठीक आहे. ते खोडत नाही. गेल्या चार वर्षांत मी तुला जितकी पत्रं लिहिली त्या सगळ्यांत तेच वाक्य आहे, आणि तू त्यांना उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच होतं. तू शिकवायचीस ते आठवतं का? काटेरी रबर स्वतःचं काही घालत नाही, समोरच्यानं दिलेली फिरकी उलटी करून परत देतं. म्हणून सगळ्यात अवघड चेंडू तो, ज्यात काहीच नसतं. मी तुला इतकी वर्षं तसलेच चेंडू टाकले. त्यावर तू तरी काय मारणार?

तर खरं असं. आप्पा आजारी आहेत. फुप्फुसं. चाळीस वर्षांचा भुसा आत बसला आहे, असं डॉक्टर म्हणाले. तोंडाला फडकं बांधा म्हणून आपण दोघी ओरडायचो आणि ते म्हणायचे, "फडकं बांधलं की लाकडाचा वास येत नाही, मग कळणार कसं?" आता कारखान्यात खुर्ची ठेवली आहे. दोनदा रंधा मारतात आणि बसतात. पूर्वी तुझं ब्लेड दोन दिवसांत व्हायचं. याला पाच आठवडे झाले. मी डॉक्टरांना सरळच विचारलं. ते म्हणाले, "दिवस मोजत बसू नका. पण लांबचे बेतही करू नका."

आत्या यासाठी आली आहे.

हे आधीच कळवायला हवं होतं. दोन महिने कळवलं नाही, कारण हे कळवलं की पुढचंही लिहावं लागणार होतं. बाप आजारी आहे एवढ्यावर तू येणार नाहीस हे मला माहीत होतं. का येणार नाहीस तेही माहीत होतं. आणि ते कारण खोटं आहे, हे या जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे. एक खुर्चीत बसून धापा टाकतात. दुसरी हे लिहिते आहे.

ताई, त्या दिवशी पंचांकडे आप्पा गेले नव्हते. मी गेले होते.

आता क्रमानं लिहिते, नाहीतर पुन्हा लाकडावर घसरेन.

बंदरखात्याच्या संघाची निवड त्या स्पर्धेतून होणार होती. जिंकणारीला संघात जागा आणि खात्यात नोकरी. तू उपांत्य फेरीत पोचली होतीस. दोन दिवस आधी तुझं रबर एका कडेनं सुटलं म्हणून आप्पांनी नवं रबर चिकटवायला घेतलं होतं. त्याच महिन्यात मी पंचांच्या परीक्षेला बसले होते, आठवतं? नियमपुस्तक उशाला घेऊन झोपायचे. रबराला उष्णता देऊन काटे गुळगुळीत करायचे, म्हणजे चेंडू त्यावर घसरतो आणि समोरच्याला काही उमजत नाही, ही फसवणूक आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी ते पान दुमडून ठेवलं होतं.

आणि मी कारखान्यात गेले तर तुझी बॅट ओट्यावर, रबर वर, आणि वर हातभर अंतरावर तो मोठा बल्ब लावलेला. दुसऱ्या दिवशीही तसाच.

मला वाटलं, तू करते आहेस.

एक प्रश्न विचारला असता तर संपलं असतं. तू आत भांडी घासत होतीस, आप्पा बाहेर करवतीला धार लावत होते. दोघांपैकी कोणालाही विचारता आलं असतं. मी पुस्तकाला विचारलं. उपांत्य फेरीच्या सकाळी मुख्य पंचांकडे गेले आणि म्हटलं, "सर, माझ्या बहिणीची बॅट तपासा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अजून वर्गात कोणी चुगली केली की मला तो चेहरा आठवतो. मग त्यांनी तुझ्या रबरावरून अंगठा फिरवला. अंगठा घसरला.

पुढचं तुला माहीत आहे. तुला स्पर्धेतून बाद केलं, संघ गेला, नोकरी गेली. तू विचारलंस, "कोणी सांगितलं?" आणि ते म्हणाले, "बाहेरचं कोणी नाही, बाई. तुमच्या घरातूनच आलं आहे."

तू घरी आलीस तेव्हा आप्पा दारात उभे होते. तू विचारलंस, "बल्ब तुम्ही लावलात?" ते म्हणाले, "हो." तू विचारलंस, "पंचांना तुम्ही सांगितलंत?" तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या मागे, पायरीवर होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यांनी नजर तुझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "हो."

आठवडाभर आधीच ते जेवताना म्हणाले होते, "बंदर फार लांब आहे गं." तू दोन्ही जोडलंस. मुलगी लांब जाऊ नये म्हणून बापानंच दिवा लावला आणि बापानंच सांगितलं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच जोडलं असतं. तू म्हणालीस, "ज्यानं हे केलं, त्याच्याबरोबर मी एका छपराखाली राहणार नाही." आणि कपडे भरायला लागलीस. मी पायरीवरच होते. तुझी चप्पल मला ओलांडून गेली.

बल्बचं त्या संध्याकाळी कळलं. आप्पांनी व्हिनियर चिकटवतात तसं तुझं रबर चिकटवलं होतं. हवा दमट होती. अशा हवेत पातळ थर कडेनं उचलतो म्हणून सुतार वरून ऊब देतात. दाराला देतात, कपाटाला देतात, तशी त्यांनी रबराला दिली. एक दिवस पुरला असता, पण तुझी मॅच महत्त्वाची, म्हणून दोन दिवस. काटे कडक आणि गुळगुळीत होतात हे त्यांना कोण सांगणार? मी. पण मी पंचांना सांगत होते.

कोणी फसवणूक केलीच नव्हती, ताई. तूही नाही, त्यांनीही नाही.

मी त्यांना म्हटलं, "आप्पा, मी आत्ता तिच्यामागे धावते, सांगते." ते म्हणाले, "सोमवारी तुझा कॉलेजचा शेवटचा पेपर आहे ना? तो होऊ दे. एकीचं गेलं, दुसरीचं तरी राहू दे." पेपर झाला. मग म्हणाले, निकाल लागू दे. निकाल लागला, घरातली पहिली पदवी म्हणून त्यांनी माझं प्रमाणपत्र शिसमाच्या चौकटीत बसवलं, आणि मी पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, "दिवा माझाच होता. मग सांगणारं कोणी का असेना." त्यानंतर मी विषय काढला नाही. मला तो न काढणं सोयीचं होतं. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

त्या दिवसानंतर कारखान्यात बल्ब नाही. आप्पांनी होल्डरसकट काढून टाकला. खिडकीतून उजेड येतो तोवर काम करतात, मग हात झटकून उठतात.

अजून एक राहिलं. तूही विचारशील, मीही विचारते. मी नियमासाठीच गेले होते का? तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, हो. खरं ते खरं, बहीण असो की कोणी, असं मी वक्तृत्वस्पर्धेत बोलायचे तशी स्वतःशी बोलत गेले होते पंचांपर्यंत. पण आता वर्गात मुलींना न्यायाबद्दल काही सांगायला गेले की मध्येच एक गोष्ट आठवते. आप्पांनी तुला सहा ब्लेडं करून दिली. प्रत्येकाचं लाकूड निवडताना तुम्ही दोघं ओट्यावर वाकून टकटक वाजवत बसायचात, कान लावून, आणि काहीतरी ऐकू आलं की एकदम हसायचात. मला त्यांनी अभ्यासाचं टेबल करून दिलं. फार सुंदर आहे. त्यावरच हे लिहिते आहे. पण ते कोणी वाजवून घेतलं नव्हतं.

याचं उत्तरही मला येत नाही. दोन्ही असेल.

१२ ऑक्टोबर, सकाळ

काल आप्पांना सांगितलं, ताईला लिहिते आहे. ते काचकागदानं मूठ घासत होते. म्हणाले, "लाकडाचं विचार."

"विचारलंय. आणखीही लिहिलंय."

हात थांबला. हल्ली श्वासाचा आवाज रंध्यासारखाच येतो. मला वाटलं, नको म्हणतील. ते म्हणाले, "अक्षर नीट काढ. तुझं अक्षर नोकरी लागल्यापासून बिघडलंय." आणि पुन्हा घासायला लागले. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "अक्रोडच लागेल तिला. पण वाजवू दे."

आत्याला सगळं सांगितलं. तिच्या जिभेला आज ना उद्या मला सामोरं जायचंच होतं. ती लसूण सोलत होती, तो सगळा सोलून संपवला. मग म्हणाली, "तुझं डोकं घेऊन गेली ती पदवी." आणि मग, "आधी जेव." माझ्या ताटात भात नेहमीपेक्षा जास्त वाढला होता.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यायची की नाही याचा विचार करावा लागेल, आणि तुझ्याकडे तेवढा वेळ नाही. आधी आप्पांकडे ये. बसनं आलीस तर सकाळच्या पहिल्या गाडीनं ये, म्हणजे उजेड असताना पोचशील. दोन्ही लाकडं ओट्यावर उजव्या हाताला, कागदात आहेत. गाभ्यावर ठेवून वाजव. सरस आत्याला गरम करायला सांग, तिला आता येतं. आप्पांना शिकंजा आवळायला जोर पुरत नाही, तो तू आवळ. जाळीवाले काका म्हणतात तू मारत नाहीस. मला तुझ्या हाताचं कळत नाही, पण जी बापाच्या एका "हो"वर घर सोडून जाऊ शकते, तिनं मारणं सोडलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. कापूनच खेळायचं ठरवलं असशील तर पॉपलर लाव. तुझं तू ठरव. मी एकदा तुझ्या बॅटचा निर्णय घेतला आहे, ते पुरे.

तू जाताना म्हणाली होतीस ते वाक्य मी विसरले नाही. ते चुकीच्या माणसाला लागलं, एवढंच. चार वर्षं त्या माणसानं ते स्वतःवर घेतलं आणि जिच्यावर पडायला हवं होतं ती त्याच छपराखाली जेवली, झोपली, पदवीधर झाली.

म्हणून आज सकाळी मी माझे कपडे, पुस्तकं आणि गादी शाळेमागच्या शिक्षिकांच्या खोल्यांत नेली. टेबल नेलं नाही. पलीकडच्या खाटेवर शिवण शिकवणारी बाई असते. तिनं विचारलं, किती दिवसांसाठी? मी म्हटलं, माहीत नाही. तू येईपर्यंत रोज शाळा सुटल्यावर आप्पांकडे जाऊन येईन. तू आलीस, की बोलावल्याशिवाय येणार नाही. तुझ्या खोलीत चादर बदलली आहे. माझी किल्ली रंध्याच्या पेटीत ठेवून आले आहे.

त्या छपराखाली आता फक्त आप्पा आणि आत्या आहेत.

धाकटी